नकाशाचे थर

हैदराबादहून नागपूरकडे जाणारा मार्ग पैनगंगा ओलांडून वऱ्हाडांत शिरला, कीं कांहीं कोसांवर पांढरकवडा लागतो. यवतमाळ जिल्ह्यांतील केळापूर तालुक्याचें हें मुख्य ठिकाण. भोंवतीं कापसाची काळी जमीन, पलीकडे टिपेश्वरचें रान, आणि गांवाजवळून जाणारा महामार्ग, ज्याचा क्रमांक पूर्वीं ७ होता व आतां ४४ आहे. एवढ्या ह्या स्थळाचे नकाशे मोजूं गेल्यास मात्र मोजणारा थकून जाईल. तलाठ्याच्या दप्तरांतील नकाशांत शेतें व शिवा आहेत, डोंगर नाहींत. वनखात्याच्या नकाशांत रान आहे, शेतकरी नाहीं. रस्तेवाल्यांस रस्ता दिसतो, वीजवाल्यांस तारा व खांब दिसतात, पाटबंधाऱ्यांच्या कचेरींत नाले दिसतात. भूमि एकच, परंतु तिच्याकडे पाहणारा प्रत्येक जण आपल्या कामापुरतेंच पाहतो.

संगणकावर आरेखन करणारा आजचा आरेखक हे सर्व नकाशे एकाच पडद्यावर एकावर एक ठेवतो, हवा तो दाखवितो, नको तो झांकतो, आणि त्या प्रत्येकास ‘लेयर’ म्हणजे थर असें म्हणतो. हा शब्द कालपरवांचा आहे. वस्तु मात्र जुनी आहे, आणि तिचा ह्या भागापुरता इतिहास ह्याच मार्गावरून निघालेल्या एका वृद्ध प्रवाशापासून सांगावा लागतो.

१८१८ हें साल वऱ्हाडाच्या आठवणींत आहे तें लढायांमुळें. त्या वर्षीं १७ एप्रिल रोजीं दुसऱ्या बाजीरावाच्या उरल्यासुरल्या सैन्याचा कर्नल ॲडम्स ह्यानें पांढरकवड्याच्या परिसरांत पराभव केला. त्याच वर्षाच्या आरंभीं कंपनी सरकारनें दुसरीहि एक गोष्ट केली होती, जिचा गाजावाजा झाला नाहीं. विल्यम लॅम्बटन हा अधिकारी १८०२ पासून मद्रासेजवळच्या एका पायारेषेवरून त्रिकोण जोडीत जोडीत देशाचा सांगाडा मापीत चालला होता. त्याच्या त्या कामास १८१८ त ‘ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे’ हें नांव मिळालें. त्याचें मोठें कोनमापक यंत्र सुमारें अर्ध्या टनाचें होतें. इंग्लंडहून येतांना तें फ्रेंचांच्या हातीं सांपडून मॉरिशसला गेलें, तेथून परत आलें. पुढें १८०८ त तंजावरच्या देवळाच्या गोपुरावर चढवितांना आपटून वांकलें, आणि लॅम्बटननें तें तंबूंत बसून स्वतःच्या हातांनीं सरळ केलें. यंत्रावर इतकें प्रेम करणारा हा मनुष्य सत्तरीच्या घरांत असतां आपलें ठाणें हैदराबादहून नागपूरला हलविण्यास निघाला, आणि जानेवारी १८२३ त हिंगणघाट येथें वारला. पांढरकवड्याहून उत्तरेस नागपूरच्या वाटेवर हिंगणघाट लागतें. त्याची कबर तेथेंच आहे.

लॅम्बटनचें काम येथें सांगण्याचें कारण असें कीं, त्यानें नकाशा काढला नाहीं. त्याच्या त्रिकोणांत एकहि गांव, शेत किंवा ओढा नव्हता. होते ते केवळ टेकड्यांवरचे बिंदु व त्यांस जोडणाऱ्या मनांतल्या रेषा. आधीं संपूर्ण सांगाडा अचूक उभा करावा, आणि मांस मागाहून दुसऱ्यांनीं भरावें, ही त्याची रीति होती. आजच्या भाषेंत सांगावयाचें तर, त्यानें सर्वांत तळचा थर घातला, आणि तो असा कुलुपबंद केला कीं वरच्यांनीं त्यास हात लावूं नये.

त्याच्या मागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्ट ह्यानें हें काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलें, आणि पृथ्वीच्या आकाराचें एक गणित मांडलें. एव्हरेस्टच्या १८३० च्या गणितांत पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७७,२७६ मीटर धरली आहे. आज उपग्रहांच्या साह्यानें चालणाऱ्या मोजणींत ती ६३,७८,१३७ मीटर धरतात. दोहोंतला फरक ८६१ मीटर, म्हणजे एवढ्या मोठ्या गोलाच्या मानानें नगण्य. एव्हरेस्टला ह्याबद्दल दोष देण्यास जागा नाहीं, कारण त्याचें गणित भारताच्या भूमीस नीट बसावें एवढ्यासाठींच होतें व तें बसलेंहि. परंतु जुन्या गणितावरचा नकाशा आणि नव्या गणितावरचा नकाशा हे दोन थर तसेच एकमेकांवर ठेवले, तर एकाच विहिरीच्या दोन विहिरी होतात, आणि त्या एकमेकींपासून शेंकडों फूट दूर पडतात. ह्या गोष्टीकडे पुढें परत यावें लागेल.

त्रिकोणांच्या सांगाड्यानें शेतकऱ्याचें कांहीं अडलें नव्हतें. त्याला हवा होता बांध. विदर्भाच्या बोलींत धुरा. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड कंपनीच्या हवालीं केल्यावर पुढच्या दशकांत येथें सारा ठरविण्यासाठीं मोजणी सुरू झाली, ती मुंबई इलाख्याच्या पद्धतीची. ही पद्धति गोल्डस्मिड व विंगेट ह्या दोघां अधिकाऱ्यांनीं १८३५ च्या सुमारास पुणें जिल्ह्यांतील इंदापूर तालुक्यांत बसविली होती. पांढरकवडा त्या काळीं वणी जिल्ह्यांत होता; त्या जिल्ह्यास यवतमाळ हें नांव पडलें तें १९०५ सालीं.

त्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, आणि तिचे भाग सोळा. प्रत्येक भागास आणा म्हणत. रुपयाचे आणे सोळा, तसेच साखळीचे आणे सोळा. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. म्हणजे साखळी हीच गुंठ्याची बाजू होती, आणि मोजणीदारास फुटांत शिरण्याचें कारणच पडत नसे. किती साध्या बुद्धीनें केवढें काम हलकें केलें आहे, हें पाहून त्या अज्ञात योजकांचें कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं.

मोजणीदार शेतांत उतरला म्हणजे शेताच्या पोटांतून एक लांब रेषा धरी. ती रेषा हा त्या शेताचा कणा. तिच्यावर साखळी चाले, आणि वाटेंत जेथें जेथें डाव्या किंवा उजव्या अंगास शेताचा कोपरा काटकोनांत येई, तेथून त्या कोपऱ्यापर्यंतचें अंतर घेऊन तो तें कागदावर टिपी. ह्या कागदाचें नांव टिपण. टिपणांतली आकृति प्रमाणांत नसे. ती निवळ हातानें काढलेली ओळख. खरें होतें ते तिच्यावरचे आंकडे. त्या आंकड्यांवरून त्रिकोण व समलंब चौकोन यांचीं क्षेत्रफळें करून शेताचें क्षेत्र निघे, आणि त्याच आंकड्यांवरून कचेरींत बसलेला दुसरा मनुष्य प्रमाणबद्ध नकाशा उठवी.

हा भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. टिपण हें ज्ञान, आणि नकाशा हें त्याचें चित्र. नकाशा फाटला तरी टिपणावरून पुन्हां काढतां येतो. टिपण गेलें तर नकाशावरून तें तितक्या खरेपणानें परत मिळत नाहीं. वऱ्हाडच्या मोजणींत हे दोन थर निरनिराळ्या कागदांवर, निरनिराळ्या हातांनीं, निरनिराळ्या जागीं तयार होत असत. म्हणून एकाची चूक दुसऱ्यावरून पकडतां येई. पुढें संगणक आला तेव्हां आकृति आणि तिच्या मागचे आंकडे ह्यांची जी फारकत विद्वानांनीं मोठ्या परिश्रमानें शिकविली, ती तालुक्याच्या दप्तरांतल्या बासनांत शंभर वर्षें बांधून पडलेलीच होती.

आतां साखळीचा एक आणा म्हणजे किती? २ फूट पाऊण इंच. मोजणीची सूक्ष्मता साधारणपणें येथें येऊन थांबे. वीस साखळ्या लांबीच्या बाजूवर रुंदी एका आण्यानें कमीअधिक धरली गेली, तर जमीन सव्वा गुंठ्यानें घटते किंवा वाढते. ज्या काळीं जमिनीचा आकार एकरीं रुपया-आण्यांत होता, त्या काळीं सव्वा गुंठ्यासाठीं कोणी कचेरीची पायरी चढत नसे. महामार्गासाठीं जमीन जाते आणि भरपाई चौरस मीटरावर मिळते, त्या काळीं मात्र हाच सव्वा गुंठा दोन भावांस कायमचे अबोल करण्यास पुरतो.

कचेरींतल्या त्या दुसऱ्या मनुष्याकडे, म्हणजे आरेखकाकडे, इतिहासकारांनीं फारसें पाहिलेलें नाहीं. नकाशावर सही साहेबाची असे, हात ह्याचा. त्याचें मेज उतरतें, त्यावर टाचण्यांनीं ताणलेला कागद, डाव्या अंगास सरकणारी टी-पट्टी, तिच्यावर टेकलेले दोन गुण्ये, शेजारीं विभाजक, रेघ ओढण्याची चिमट्याची लेखणी, आणि बशींत उगाळलेली शाई. आडवी रेघ पट्टीनें, उभी गुण्यानें. हात कांपला तरी पट्टी कांपत नसे. लांबी उचलावयाची ती विभाजकाच्या टोंकांनीं; बिंदु धरावयाचा तो सुईनें टोंचून. सुईचें भोंक एकदां पडलें, कीं त्यांतून निघणारी प्रत्येक रेघ त्याच भोंकांतून निघाली पाहिजे, जवळून नव्हे, हा त्या धंद्याचा पहिला धडा.

आणि ह्या मेजावर थर होतेच. मूळ कागदावर पेन्सिलीनें रचना होई. तिच्यावर खळ दिलेलें पारदर्शक तलम कापड, म्हणजे ट्रेसिंग क्लॉथ, पसरून पक्क्या शाईनें गिरवीत. तळमजल्यावर दुसरें कापड टाकून वरचा मजला आखीत, म्हणजे वरची भिंत खालच्या भिंतीवर येते कीं नाहीं तें डोळ्यांस दिसे. १८४२ त सर जॉन हर्शेल ह्यानें लोहाच्या क्षारांपासून निळें चित्र उठविण्याची युक्ति शोधली होती. पुढें तीवर निळ्या नकलांचा कारखानाच उभा राहिला, आणि ‘ब्ल्यूप्रिंट’ हा शब्द ठेकेदाराच्या तोंडीं बसला. कापडावर जें गिरविलें नाहीं तें निळ्या नकलेंत उतरत नसे. म्हणून गवंड्यास एक नक्कल, सुतारास दुसरी, असें करावयाचें तर कापडेंहि दोन लागत.

छापील नकाशांत हीच कल्पना रंगांच्या रूपानें आली. १९०५ नंतर भारतीय सर्व्हेक्षण खात्यानें एक इंचास एक मैल ह्या प्रमाणाचे रंगीत नकाशे काढण्याचें धोरण धरलें. त्यांत निळें तें पाणी, तपकिरी ते उंचसखल दाखविणारे वेढे, हिरवें तें रान, पिवळी ती वाहीत जमीन, तांबडे ते रस्ते व वस्ती, आणि काळी ती नांवें व सीमा. उन्हाळ्यांत कोरडा पडणारा ओढा मात्र निळा नव्हे, काळा; केळापूर तालुक्याच्या नकाशांत काळ्या रेघांचें जाळें कां दिसतें, हें येथल्या वैशाखांत एकदां फिरलेल्यास निराळें सांगावें लागत नाहीं. प्रत्येक रंगासाठीं निराळें मूळ व निराळा पत्रा असे, आणि एकच कागद प्रत्येक रंगाखालून पुन्हां पुन्हां जाई. चार कोपऱ्यांवरच्या बारीक फुल्या एकमेकींवर तंतोतंत पडल्या, तरच ओढा पुलाखालून वाहे. केसभर सरकल्या, कीं ओढा रस्त्यावर चढे आणि गांव पाण्यांत बुडे.

पांढरकवड्याच्या वांट्यास तर आणखी एक गंमत आली आहे. चार अंश लांब व चार अंश रुंद अशा चौकोनांत भारताचे जे नकाशे पाडले आहेत, त्यांपैकीं ५५ व ५६ ह्या क्रमांकांची सांधरेषा म्हणजे २० अंशांचें अक्षवृत्त, आणि हें गांव त्या वृत्ताच्या किंचित् उत्तरेस आहे. त्यामुळें गांव ५५ एल ह्या पत्रावर सांपडतें, आणि दक्षिणेकडची शिवारें थोड्याच अंतरावर ५६ आय ह्या पत्रावर निघून जातात. पांढरकवड्याहून पैनगंगेकडे जाणाऱ्यास दोन पत्रें जवळ बाळगावीं लागत, आणि त्यांच्या कडा जुळवाव्या लागत. कागद पावसाळ्यांत फुगतो व विदर्भाच्या उन्हांत आकसतो. दोन पत्रें सारखीं आकसत नाहींत. रस्ता कडेपाशीं तुटून शेजारीं दुसरीकडेच उगवलेला दिसे. ह्या दुखण्यावर पहिला खरा उपाय सांपडला तो १९५० नंतर, पॉलिएस्टरचीं न आकसणारीं पत्रें निघाल्यावर. कडेस छिद्रें पाडून पत्रें खुंट्यांवर अडकवावीं, म्हणजे कितीहि थर रचले तरी ते जागचे हलत नाहींत.

ह्याच सुमारास परदेशांत दोघां माणसांनीं थरांकडून केवळ चित्र न घेता उत्तर घेण्यास आरंभ केला. कॅनडांत रॉजर टॉमलिन्सन ह्यानें १९६० नंतरच्या दशकांत जमिनीच्या माहितीचे थर संगणकांत भरण्याची पद्धति उभी केली. इयान मॅकहार्ग ह्या स्कॉटिश स्थलशिल्पज्ञानें १९६९ च्या आपल्या ग्रंथांत पारदर्शक पत्रांवर रान, पाणी, उतार, वस्ती असें निरनिराळें रंगवून तीं एकावर एक ठेवलीं, आणि सांगितलें कीं, जेथें सर्वांत फिकें दिसेल तेथून रस्ता न्यावा, कारण तेथें नासावयाचें सर्वांत कमी आहे. ज्या तालुक्यांतून मोठा महामार्ग जातो आणि जेथें १९९७ पासून टिपेश्वरचें अभयारण्य आहे, तेथल्या लोकांस ह्या कल्पनेचें मोल समजावून द्यावयास नको.

तथापि आरेखकाच्या हातांतील पट्टी, गुण्या व सुई हीं संगणकांत कशीं गेलीं, हा भाग अधिक मनोरंजक आहे. १९६३ सालीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेंत आयव्हन सदरलँड ह्या विद्यार्थ्यानें ‘स्केचपॅड’ नांवाची आज्ञावली आपल्या प्रबंधासाठीं लिहिली. पडद्यावर प्रकाशलेखणी टेकून रेघ काढतां येत होती, ही त्यांतली नवलाई सर्वांस दिसली. खरी नवलाई निराळीच होती. लेखणी एखाद्या रेघेच्या टोंकाजवळ नेली, तर यंत्र असें समजे कीं काढणाराला तें टोंकच हवें आहे, आणि नवी रेघ नेमकी तेथून निघे. म्हणजे सुईचें भोंक पडद्यावर आलें. दोन रेघा समांतर असोत, ह्या दोहोंत काटकोन असो, असें सांगितलें कीं तिरप्या, कांपऱ्या हातानें काढलेल्या रेघा आपण होऊन सरळ होत. म्हणजे पट्टी आणि गुण्याहि आले. हात अचूक नसतो हें सदरलँडनें गृहीत धरलें, आणि हाताकडून फक्त हेतु घेऊन अचूकपणा यंत्रावर सोंपविला. १९८८ सालीं त्यास ट्युरिंग पारितोषिक मिळालें.

हें यंत्र खोलीएवढें होतें. सामान्य आरेखकाच्या मेजावर संगणक येण्यास आणखी वीस वर्षें लागलीं. १९८२ सालीं ‘ऑटोकॅड’ निघालें, तें लहान संगणकावर चालण्यासाठींच. आणि १९९० नंतरच्या दशकांत भारतांतील वास्तुविशारदांच्या व सरकारी कचेऱ्यांत टी-पट्ट्या भिंतीवरच्या खिळ्यास लटकूं लागल्या.

त्यांत थरांची व्यवस्था कशी आहे, तें एका नगराच्या आराखड्यावरून पाहावें. श्रोत्यांनीं पांढरकवड्याच्या एखाद्या नव्या वस्तीचा नकाशा डोळ्यांपुढें आणावा. भूखंडांच्या सीमा एका थरांत, रस्ते दुसऱ्यांत, गटारें तिसऱ्यांत, जुनीं झाडें चवथ्यांत, विजेच्या तारा पांचव्यांत, अक्षरें आणि मापें आणखी निराळ्या थरांत. रंग, रेघेची जाडी आणि ती सलग कीं तुटक, हें थरावरून ठरतें. हजार रेघांचा रंग बदलावयाचा तर थराचा एकदां बदलला कीं काम झालें. थर झांकतां येतो. थर गोठवितां येतो, म्हणजे यंत्र त्याचा हिशेबच सोडून देतें व मोठा नकाशा भराभर चालतो. थरास कुलूप घालतां येतें, म्हणजे तो दिसतो, त्याचे बिंदु धरतां येतात, परंतु त्यास धक्का लागत नाहीं. एखादा थर पडद्यावर दिसावा पण छापला जाऊं नये, अशीहि आज्ञा करतां येते. ऑटोकॅडच्या प्रत्येक नकाशांत ‘शून्य’ नांवाचा एक थर जन्मतःच असतो. तो पुसतां येत नाहीं, त्याचें नांवहि बदलत नाहीं. त्यांत खांब, दार किंवा झाड ह्यांसारखी पुन्हां पुन्हां लागणारी आकृति बांधून ठेवली, आणि मग ती ज्या थरांत नेऊन ठेवली, त्या थराचा रंग ती घेते. जणूं पाण्यास भांड्याचा आकार यावा.

आखणीच्या साह्यांचेंहि तसेंच. ‘ग्रिड’ म्हणजे पडद्यावरची जाळी, चौकटींच्या कागदाची वारस. ती दिसते, छापली जात नाहीं. ‘स्नॅप’ लावला, कीं कर्सर ठराविक टप्प्यांनींच उडतो, मधें थांबत नाहीं. ‘ऑर्थो’ म्हणजे टी-पट्टी व गुण्या एकत्र. रेघ आडवी होईल किंवा उभी, तिसरी नाहीं. ‘पोलर’ तीस, पंचेचाळीस असे नेमून दिलेले कोन दाखवितो. आणि ‘ऑब्जेक्ट स्नॅप’ ही ती जुनी सुई: रेघेचें टोंक, मध्य, दोन रेघांचा छेद, वर्तुळाचें केंद्र, लंबाचा पाया, हे बिंदु ती आपण होऊन पकडते. नवशिका आरेखक हीं साह्यें न लावतां डोळ्यांच्या अंदाजानें रेघा जुळवितो. पडद्यावर त्या जुळलेल्या दिसतात. नकाशा शंभरपट मोठा करून पाहिला, कीं दोन भिंतींमधें फट दिसते, आणि क्षेत्रफळ काढावयास गेलें तर यंत्र म्हणतें, आकृति बंद नाहीं.

परंतु साह्य हें चूकहि करवितें, आणि ती अधिक वाईट, कारण ती सुबक दिसते. दोन पोटहिश्श्यांचे कोपरे एकमेकांपासून वीतभर असले, आणि नकाशा लहान करून पाहत असतां सुईनें शेजारचा कोपरा पकडला, तर रेघ पूर्ण विश्वासानें दुसऱ्याच्या शेतांतून जाते. पूर्वींच्या कागदावर चूक झाली तर खोडल्याची खूण राही. येथें खूण राहत नाहीं. तसेंच थरांचें. जो थर चालू असेल त्यांतच नवी रेघ पडते. आरेखक थर बदलावयास विसरला, तर गटार झाडांच्या थरांत जाऊन बसतें. पुढें कोणी झाडें झांकून नकाशा छापला, कीं गटारहि जातें, आणि खोदणाऱ्यास तें कुदळीनेंच कळतें. थरांचीं नांवेंहि ज्याच्या त्याच्या मनाप्रमाणें पडूं लागलीं, तेव्हां अमेरिकेंतील वास्तुविशारदांच्या संस्थेनें १९९० त नांवांची एक शिस्त घालून दिली, आणि १९९८ त आयएसओ १३५६७ हें आंतरराष्ट्रीय मानक निघालें. शिस्त निघाली म्हणून ती पाळली जाते असें नव्हे.

आतां गांवच्या नकाशाकडे यावयाचें. केंद्र सरकारनें २००८ सालीं भूमि-अभिलेखांच्या आधुनिकीकरणाची योजना हातीं घेतली, आणि जुने नकाशे संगणकांत भरण्याचें काम देशभर सुरू झालें. २४ एप्रिल २०२० रोजीं घोषित झालेल्या ‘स्वामित्व’ योजनेंत गांवठाणांवर ड्रोन उडवून घरांच्या जागांचे नकाशे काढण्यांत आले. शेताच्या मोजणीस आतां साखळीच्या जागीं उपग्रहांचे संकेत घेणारें ‘रोव्हर’ यंत्र येतें, आणि तें कांहीं सेंटिमीटरांपर्यंत जागा सांगतें. ह्या सर्व गोष्टी उत्तम आहेत. अडचण आहे ती थर एकमेकांवर ठेवण्याची.

बहुतेक जुन्या गांव-नकाशांस अक्षांश-रेखांश नाहींत. त्यांस उपग्रहाच्या चित्रावर बसवावयाचें तर दोहोंत ओळखतां येतील असे बिंदु शोधावे लागतात: तिठा, जुनी विहीर, शिवेवरचा दगड. काळी जमीन उन्हांत भेगाळते व पावसांत फुगते, त्यामुळें पुरलेला दगडहि वर्षानुवर्षें उभा राहीलच असें नाहीं. ओढे पात्र बदलतात. धुरा नांगरतां नांगरतां एका अंगास सरकतो, आणि तो कोणत्या अंगास सरकला ह्याविषयीं धुऱ्याच्या दोन्ही बाजूंस दोन मतें असतात. मग आरेखक नकाशाचे चार कोपरे चार खुणांवर ताणून बसवितो. कोपरे बसतात, पोटांतलीं शेतें मात्र रबरासारखीं ओढलीं जातात. त्यांतच एखादा थर एव्हरेस्टच्या गणितावरचा आणि दुसरा नव्या गणितावरचा असला, व मधलें रूपांतर करावयाचें राहिलें, तर सारें शिवारच शेंकडों फूट सरकून रस्त्यापलीकडे जातें. ही शेवटची चूक मोठी असल्यामुळें चटकन् दिसते. पहिली लहान असते, म्हणून टिकते.

यंत्र मात्र दोन्ही प्रसंगीं सारख्याच गंभीरपणें आठ दशांश स्थळांपर्यंत आंकडा सांगतें. ज्या रेघेचें मूळ माप साखळीच्या आण्यांत, म्हणजे दोन फुटांच्या अंतरानें घेतलेलें आहे, तिच्यापुढें मिलिमीटराचे आंकडे लिहिलेले पाहून शेतकरी बिचारा हबकतो. त्याला वाटतें, इतकें बारीक सांगतें तें खोटें कसें असेल? तो बारीकपणा मापाचा नव्हे, पडद्याचा आहे, हें त्याला सांगणें मोजणीदाराचें काम आहे. चांगले मोजणीदार तें सांगतातहि. ते जुना नकाशा मोजून शेताची बाजू ठरवीत नाहींत. दप्तरांतून टिपण काढवितात, त्यांतले आणे व साखळ्या मीटरांत फिरवितात, मधला कणा पुन्हां मांडतात, आणि त्यावरून कोपरे नव्यानें उभे करतात. संगणकांत हें रेखांकन एका थरांत जातें, आजचा प्रत्यक्ष वहिवाटीचा धुरा दुसऱ्यांत, आणि ताणून बसविलेला गांव-नकाशा तिसऱ्यांत. तिघांत जेथें अंतर पडतें, तेथेंच वादाची जागा असते.

मोजणी झाल्यावर शेतकऱ्याच्या हातीं जी ‘क’ प्रत पडते, तिच्यावर हे सर्व थर छापलेले नसतात. हद्दीची रेघ असते, वहिवाटीची असते, अतिक्रमण असल्यास तें निराळ्या खुणेनें दाखविलेलें असतें, आणि खालीं सही असते. टिपणाचा थर कचेरींतच राहतो. शेजारी तक्रार घेऊन आला, तर तो उघडतात, आणि साखळीचे आणे पुन्हां एकदां मोजून पाहतात.